पुढच्यासाठी एक लाकूड

वेंडेल ट्रेवॅरो हा कॉलेजच्या कल्याण समितीचा अध्यक्ष झाला, कारण त्या दिवशी तो दाढ काढायला गेला होता. टॅमरॅक लेक कॉलेजात अध्यक्ष निवडण्याची हीच पद्धत आहे. सभेला हजर असलेला माणूस नाही म्हणू शकतो. दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासून बसलेला काय म्हणणार? दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन तो स्टाफरूममध्ये शिरला तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बिचाऱ्याला वाटलं, दाढेबद्दलच आहेत.

समितीचं काम विद्यार्थी आणि कर्मचारी यांचं कल्याण करण्याचं. मिशिगनच्या पार उत्तरेला, जिथे नोव्हेंबरात आलेला बर्फ एप्रिलपर्यंत हलायचं नाव घेत नाही, तिथे हे काम सोपं नाही. आदल्या वर्षीच्या अध्यक्षांनी सगळ्यांना रंगवायची पुस्तकं वाटली होती, मन शांत व्हावं म्हणून. रसायनशास्त्राच्या लोकांनी ती एकमेकांत तपासून मार्क दिले, आणि त्यातले दोन जुने मित्र आजही बोलत नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी जेवणघराबाहेर 'कृतज्ञतेची भिंत' होती. मनातली कृतज्ञता चिठ्ठीवर लिहून चिकटवायची. आठवड्याभरात भिंतीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या गाड्या लावायच्या जागेबद्दल होत्या, आणि त्यातली सर्वांत जळजळीत कुलसचिवांच्या अक्षरात होती.

पण वेंडेलला उत्साहाचा जन्मजात आजार आहे. तो संख्याशास्त्र शिकवतो आणि तेही उड्या मारत शिकवतो. काम गळ्यात पडल्यावर इतर माणसं कपाळाला हात लावतात, हा गडी त्या रात्री जेवणाच्या टेबलावर म्हणाला, "काइसा, हे काहीतरी प्रचंड होणार आहे!"

त्याची बायको काइसा बटाटे वाढत होती. "तू असं म्हणालास की मी आधी घराच्या विम्याचे हप्ते भरलेत का ते बघते," ती म्हणाली.

नेमकं काय प्रचंड होणार, ते मात्र त्याला तोवर ठाऊक नव्हतं. ते ठरलं त्याच आठवड्यात, येसेनिया अरमेंटामुळे.

येसेनिया पहिल्या वर्षाला होती. ॲरिझोनातल्या यूमा गावची, म्हणजे देशात जिथे सर्वांत जास्त ऊन पडतं तिथली. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून इतक्या लांब आली होती. वेंडेलच्या वर्गात सगळ्यांत हुशार. पण जाडजूड कोट, कानटोपी आणि हातमोजे ती वर्गातही काढायची नाही, त्यामुळे अर्धं वर्ष शिकवूनही तिला कान आहेत हे वेंडेल केवळ संभाव्यतेच्या आधारावर धरून चालला होता. ती त्याच्या खोलीत आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "सर, सही हवी होती. कॉलेज सोडतेय."

"सोडतेस? अभ्यास जड जातोय का?"

"नाही सर. अभ्यास बरा चाललाय. मी बरी नाहीये."

वेंडेल खुर्चीतून पडायचाच बाकी राहिला. त्या मुलखात असं कुणी बोलत नाही. तिथे माणसाच्या पायावरून ट्रक गेला आणि कुणी विचारलं, "कसं काय?" तर तो म्हणतो, "बरं आहे." ट्रक अजून पायावरच असेल तर म्हणतो, "चाललंय." इथे ही पोरगी सरळ तोंडावर सांगत होती की मी बरी नाही.

"ऑक्टोबरपासून मला ऊब म्हणून कशी ती लागलेली नाही," येसेनिया म्हणाली. "आणि इथली माणसं... वाईट नाहीत, सर. माझी रूममेटही चांगली आहे. पण नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून आजपर्यंत ती माझ्याशी जे काही बोलली ते मी पाठ म्हणून दाखवते. 'दार लाव.' झालं. जेवणघरात मी बसले की टेबलावरचे सगळे मान हलवतात. घरी माझी आजी भिंतीशी यापेक्षा जास्त बोलते."

वेंडेलनं पेन उचललं आणि परत ठेवलं. आपल्या वर्गातली पोरगी थंडीनं आणि एकटेपणानं निघून जातेय, आणि कल्याण समितीचा अध्यक्ष म्हणून आपण काय करणार, तर सही. तो म्हणाला, "मार्चच्या सुट्टीपर्यंत थांब. तेवढंच माग माझ्याकडे... म्हणजे मीच मागतोय तुझ्याकडे. तोवर तुला एकदा तरी ऊब लागली नाही आणि चार माणसं तुझ्याशी धड बोलली नाहीत, तर मी स्वतः सही करीन आणि बसस्टँडवर बॅग उचलीन."

"आणि लागली तर?"

"तर मग बघू!" वेंडेल म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यात वीज चमकली. ऊब आणि बोलणं, दोन्ही एकाच जागी मिळतात अशी जागा त्या गावात घरोघर होती. सौना!

त्या भागातली निम्मी वस्ती फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांची नातवंडं-पतवंडं. त्यांच्या परसात गाडीला छप्पर नसेल, पण सौना असतोच: लाकडाची खोली, आत शेगडी, शेगडीवर तापलेले दगड, त्यावर पाणी मारायचं आणि उठणाऱ्या वाफेत फळीवर बसून राहायचं. एरवी मुके असणारे हे लोक तिथे बसले की बोलतात. लग्नं तिथे ठरतात, भांडणं तिथे मिटतात. वेंडेल स्वतः मात्र फिनिश नव्हता. त्याचे पूर्वज इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचे, त्याच खाणीत आलेले. सासूबाई हिल्मा यांनी ही गोष्ट बावीस वर्षांत त्याला एकदाही विसरू दिली नव्हती. दर शनिवारी सासरच्या सौनात वेंडेल खालच्या, कमी तापणाऱ्या फळीवर बसायचा आणि सर्वांच्या आधी, उकडलेल्या खेकड्यासारखा लाल होऊन, बाहेर धाव घ्यायचा.

"तुझ्या आज्यापणज्यांनी खाणीत काम केलं," हिल्माबाई दर वेळी म्हणायच्या. "खाण थंड असते. तुझा काय दोष."

तरी वेंडेल त्यांच्याकडेच गेला. त्यांच्या कोठारामागे एक जुना सौना होता, खाली घसरगाडीसारख्या लाकडी पट्ट्या लावलेला, ओढून कुठेही नेता येईल असा. हिल्माबाईंनी त्याचं भाषण कॉफीच्या दोन कपांइतकं ऐकून घेतलं.

"नेतोस तर ने, जावईबापू. पण नियम माझे. सौनात आरडाओरडा नाही. उगाच दार उघडायचं नाही. आणि जाणारा माणूस पुढच्यासाठी शेगडीत एक लाकूड घालून जाईल. पुढच्याला गार सौना देणारा माणूस माणूस नव्हे."

"आई, अगदी अक्षरशः पाळू!" वेंडेल म्हणाला. पुढे जे घडलं त्यात हेच तर वाईट झालं, की ते अक्षरशः पाळलं गेलं.

आता कॉलेजची परवानगी. तिथे गाठ होती गॉर्डन प्रुइट यांच्याशी. प्रुइट हे जोखीम अधिकारी. कॉलेजात कुणाला काही होऊ नये याची काळजी वाहायची हे त्यांचं काम, आणि ते काम त्यांच्या चेहऱ्यावर कायमचं येऊन बसलं होतं. वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती त्यांनी बॅटरीवरची करवली होती.

"आवारात पेटती शेगडी?" प्रुइट म्हणाले. "विषय संपला."

"आवारात नाही!" वेंडेल आनंदानं ओरडला. "तळ्यावर! तळं कुठे आपलं आहे?"

कॉलेजच्या मागेच टॅमरॅक तळं गोठून दगड झालेलं असतं, त्यावरून ट्रक जातात. प्रुइटना हा मुद्दा खोडता येईना. पण तळं कॉलेजचं नसलं तरी सरकारचं होतं. सरकारी ऑफिसातल्या बाईंनी वेंडेलला समजावलं की बर्फावर उभी केलेली कुठलीही झोपडी ही बर्फाला भोक पाडून मासे धरायची झोपडी समजली जाते.

"पण आम्ही मासे पकडणार नाही."

"बरेच लोक नाही पकडत," बाई सहानुभूतीनं म्हणाल्या. "तरी मालकाचं नाव चारी भिंतींवर लिहावं लागतं. लांबून वाचता येईल असं."

वेंडेल कुठलीही गोष्ट कमी करत नाही. त्यानं लाल रंगात चारी बाजूंना 'वेंडेल ट्रेवॅरो' असं लिहिलं ते इतकं मोठं, की पलीकडच्या काठावरची मंडळी तो निवडणुकीला उभा राहिलाय असं समजली. एकानं तर त्याला पाठिंबाही जाहीर केला.

प्रुइट मात्र पेटले होते. कॉलेजच्या नावानं कार्यक्रम होणार तर सुरक्षेचे नियम लागू, असं म्हणून ते मोजमापाची पट्टी घेऊन बर्फावर आले. पोहण्याचे कपडे सक्तीचे. आतलं तापमान एकशे चार फॅरनहाइटच्या वर नको. हा आकडा त्यांनी गरम पाण्याच्या टबाच्या नियमांतून उचलला होता.

"एकशे चार?" हिल्माबाई म्हणाल्या. "एकशे चार म्हणजे सौना नव्हे. एकशे चार म्हणजे ताप. माणूस एकशे चारला अंथरुणात पडतो."

"नियम आहे, आजी."

"आजी तुझी!" हिल्माबाई म्हणाल्या, पण हळूच. मग त्यांनी प्रुइटनी लावलेल्या तापमापकाकडे पाहिलं, तो किती उंचीवर आहे ते बघितलं, आणि टॉवेल अडकवायला खिळा बरोबर त्याच्या वर ठोकायला लावला.

शेवटचा नियम पायरीचा. झोपडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, त्यामुळे दाराची पायरी उंच झाली होती. प्रुइटनी पट्टी लावली आणि मान हलवली. एवढ्या उंच पायरीवरून कुणी पडलं तर? ठोकळे काढा, झोपडी सपाट बर्फावर ठेवा. वेंडेल या घडीला कशालाही हो म्हणाला असता. शेजारचे रेनो पेल्कोनेन आपला ट्रक घेऊन मदतीला आले होते. गेली चाळीस वर्षं बर्फावर झोपड्या ओढणारा माणूस. त्यांनी ठोकळे काढले, बाजूला रचले, हातमोजे झटकले आणि म्हणाले, "मी असतो तर ठेवले असते."

वेंडेलला ते ऐकू आलं. पण रेनो तेवढंच म्हणून गाडीत बसले, तेव्हा त्याला वाटलं की हे त्यांचं आपलं एक मत असेल. इतकी वर्षं तिथे राहूनही त्याला कळायला हवं होतं की त्या भागात याहून मोठ्यानं कुणी सांगत नाही. रेनोंच्या हिशेबानं त्यांनी बोंबाबोंब केली होती.

मार्चच्या सुट्टीआधीचा शुक्रवार उजाडला. आकाश निळंभोर, थंडी अशी की श्वास घेतला तरी नाकात खटका बसावा. वेंडेलला रात्रभर झोप आली नव्हती. लहान मुलासारखा तो सकाळी सहालाच बर्फावर जाऊन उभा राहिला होता. त्याला धाकधूक होती की कुणी येतंय की नाही. आणि लोक आले! आधी हॉकीचे खेळाडू आले, मग ग्रंथालय आलं, मग स्वयंपाकघरातल्या बायका पेस्टीची टोपली घेऊन आल्या (पेस्टी म्हणजे मांस-बटाट्याची पोटभरीची करंजी, ती मूळ कॉर्नवॉलची की फिनिश लोकांची यावर वेंडेलच्या लग्नात दोन्ही काकांत हातघाई झाली होती, पण तो विषय वेगळा). रसायनशास्त्रातले ते दोन न बोलणारे मित्रसुद्धा रांगेत उभे राहिले, मध्ये एक माणूस ठेवून. कुणीतरी अकॉर्डियन आणलं. पाच-पाचची तुकडी आत जात होती, लालबुंद होऊन, वाफा सोडत, हसत बाहेर येत होती, आणि बाहेर आल्यावर बोलत होती! मोठमोठ्यानं! वेंडेल रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता. "काइसा, बघतेस का? रसायनशास्त्र बोललं! मी ऐकलं! एक म्हणाला 'सरक' आणि दुसरा सरकला!"

काइसा घराच्या विम्याचा विचार करत नव्हती असं नाही, पण तीही हसत होती.

आणि जाणारी प्रत्येक तुकडी हिल्माबाईंचा नियम पाळत होती. फिनिश लोकांना तो आईच्या दुधातून मिळालेला असतो आणि बाकीच्यांना हिल्माबाईंच्या नजरेतून मिळाला. घोळ असा झाला की 'एक लाकूड' हे एका तुकडीचं की एका माणसाचं, हे कुणी विचारलं नव्हतं. पुढच्याला गार सौना देणारा माणूस माणूस नव्हे, मग कोण मागे राहणार? पाचातल्या पाचांनी एकेक टाकलं. हॉकीवाल्यांनी उदार मनानं दोन-दोन टाकली. टॉवेलाखाली प्रुइटचा तापमापक काय म्हणत होता हे कुणाला कळलं नाही. शेगडी आधी काळी होती, मग तांबूस झाली, आणि दुपारपर्यंत तिच्याकडे बघून डोळे दिपायला लागले.

झोपडीखाली ठोकळे नव्हते, हे वाचकांच्या लक्षात असेलच. वेंडेलच्या नव्हतं.

शेवटची तुकडी मानाची होती. कॉलेजच्या अध्यक्षा डॉ. कॉर्लिस डनम, जोखीम अधिकारी प्रुइट (सारं नियमात चाललंय हे पाहण्यासाठी, पट्टेरी पोहण्याच्या कपड्यात), हिल्माबाई, स्वतः वेंडेल, आणि पाचवी येसेनिया. तिला आणायला वेंडेल वसतिगृहात गेला होता. ती आली, नियमाप्रमाणे आत पोहण्याचे कपडे घालून, पण वर पूर्ण कोट चढवून.

"सर, मी नुसती बघते."

"आत बसून बघ!"

ते आत शिरले, दार लागलं, आणि हिल्माबाईंनी बादलीतल्या पाण्याचा पहिला डाव भरून दगडांवर मारला. वाफ उठली ती अशी की अध्यक्षाबाईंच्या तोंडून, त्यांच्या पदाला न शोभणारा, एकच शब्द बाहेर पडला. वेंडेलचे कान जळायला लागले. तेवढ्यात जमिनीनं एक सुस्कारा टाकला आणि झोपडी, जत्रेतल्या पाळण्यासारखी अलगद, दीड वीत खाली बसली.

"हे काय?" प्रुइट म्हणाले.

"बर्फ," हिल्माबाई म्हणाल्या. "जाड आहे. बुडत नाही कुणी." आणि दुसरा डाव मारला.

बुडणार नव्हतंच कुणी. खाली अजून हातभर बर्फ होता. पण दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं, आणि आता त्याचा खालचा भाग शेगडीनं वितळवलेल्या, चिखलासारख्या ओल्या बर्फात रुतला होता. वेंडेलनं ढकललं. प्रुइटनी ढकललं. दोघांनी मिळून खांदे लावले. दार ढिम्म हलेना.

आता बाहेर शंभर माणसं उभी होती. एक हाक मारायची की काम झालं. पण हिल्माबाईंचा नियम होता की सौनात आरडाओरडा नाही. अध्यक्षाबाई म्हणाल्या की पोहण्याच्या कपड्यात मदत मागणं कॉलेजच्या प्रतिष्ठेला धरून होणार नाही. प्रुइट म्हणाले की एकदा 'वाचवा' म्हटलं की तो अपघात ठरतो, आणि अपघात ठरला की चौकशी त्यांचीच.

"थोडं थांबू," अध्यक्षाबाई म्हणाल्या. "कुणीतरी दार उघडेलच."

"उगाच कोण उघडेल?" हिल्माबाई समाधानानं म्हणाल्या. "मी सांगून ठेवलंय सगळ्यांना."

घाम धो धो वाहायला लागला. आणि मग नवल झालं. वरच्या फळीवरून आवाज आला, "हे छान आहे."

येसेनिया. तिनं कानटोपी काढली होती. तिला खरोखरच कान होते. मग हातमोजे गेले, मग कोट, मग स्वेटर, आणि पोहण्याच्या कपड्यात ती वर, अगदी छताला लागून, मांडी घालून बसली.

"गुदमरत नाहीस?" प्रुइट तळमळत म्हणाले.

"जूनमध्ये यूमात उभ्या गाडीत शिरलं की असंच असतं," येसेनिया म्हणाली. "फक्त तिथे स्टिअरिंगही धरावं लागतं. आजी, अजून एक डाव मारा ना."

हिल्माबाईंनी वळून वर पाहिलं. उभ्या आयुष्यात त्यांच्याकडे आणखी वाफ कुणी मागितली नव्हती. त्या सरकून येसेनियाच्या शेजारी बसल्या आणि तिच्या घरचं विचारू लागल्या: आई काय करते, भावंडं किती, तिकडे लोक घाम कसा गाळतात. खालच्या फळीवर उष्णतेनं प्रुइटचाही बांध फुटला. ते म्हणाले की गेली कित्येक वर्षं त्यांना रोज स्वप्न पडतं, त्यात कुणीतरी जिन्यावरून पडत असतं, आणि पडणाऱ्याच्या हाती त्यांचीच पट्टी असते. अध्यक्षाबाई म्हणाल्या, "गॉर्डन, मला हे कधी सांगितलं का नाहीत?" प्रुइट म्हणाले, "तुम्ही विचारता, कसं काय. मी म्हणतो, बरं आहे." आणि ते टॉवेलात तोंड खुपसून रडले. कल्याण असं ओसंडून वाहत होतं. पण ते बघायला वेंडेल शुद्धीवर राहतो की नाही हीच शंका होती.

त्याला हवा हवी होती. भिंतीला एक छोटी खिडकी होती. वेंडेल फळीवर चढला, खिडकी उघडली, डोकं बाहेर काढलं, मग एक खांदा, मग दुसरा, मग थोडं पोट, आणि तिथेच अडकला. ना पुढे, ना मागे. वर लाल अक्षरांत 'वेंडेल ट्रेवॅरो', आणि खाली तितकाच लाल वेंडेल ट्रेवॅरो.

रांगेतल्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. फोन वर झाले. पुढे रेनो पेल्कोनेन उभे होते, हातात पेस्टी. त्यांनी नीट निरखून पाहिलं आणि आदरानं विचारलं, "कसं काय, वेंडेल?"

आता इथे माणसानं काय म्हणावं? मेलो म्हणावं, ओढा म्हणावं. पण बावन्न वर्षांची सवय. वेंडेलच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "बरं आहे."

"बरं," रेनो म्हणाले आणि पेस्टी खाऊ लागले. "गार होतोय," त्यांनी मागच्याला समजावलं. मागच्यानं मान हलवली. कुणाच्या गार होण्यात ढवळाढवळ करणं त्या लोकांना बरं वाटत नाही. अकॉर्डियन पुन्हा सुरू झालं.

वेंडेल आयुष्यात इतका कधी खजील झाला नव्हता. पुढून गोठतोय, मागून शिजतोय, आणि ओठ 'बरं आहे'पलीकडे जायला तयार नाहीत. त्यानं तोंड उघडलं आणि काइसाला उद्देशून म्हणाला, "आज हवा छान आहे, नाही?"

तेवढ्यात त्याच्या पाठीमागे धडाधड बडवण्याचा आवाज झाला. येसेनिया हिल्माबाईंचा डाव बादलीवर हाणत होती, आणि वेंडेलच्या कमरेशी उरलेल्या फटीला तोंड लावून, यूमापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होती: "अहो, ऐका! आम्ही बरे नाही! दार अडकलंय! सर अडकलेत! मदत करा!"

अकॉर्डियन थांबलं. आणि मग ती शंभर माणसं एकदम धावली. कुणी फावडी आणली, कुणी बर्फ कापायची करवत. हॉकीवाल्यांनी काठ्यांनीच दारापुढचा गाळ उपसला. रसायनशास्त्रातले ते दोघे, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, वेंडेलचे हात धरून ओढत होते आणि एकमेकांवर "वर, वर! अरे वर म्हणतोय ना!" म्हणून खेकसत होते, सलोखा पूर्ण झाला होता. वेंडेल बुचासारखा बाहेर आला. दार निघालं. रेनो त्याच्या अंगावर घोंगडी टाकत म्हणाले, "सांगायचं ना."

"तुम्ही पण सांगायचं ना, ठोकळ्यांचं," वेंडेल कुडकुडत म्हणाला.

"सांगितलं होतं की," रेनो म्हणाले, आणि मग थोडा विचार करून, "हळू सांगितलं असेल."

सगळ्यांत शेवटी हिल्माबाई आणि येसेनिया बाहेर आल्या, सावकाश, गप्पा मारत, अंगातून वाफा निघताहेत. पोरीच्या गालांवर रंग होता. कोट तिच्या हातातच होता. तिची रूममेट गर्दीतून पुढे आली, तिच्याकडे बघत राहिली, आणि वर्षभराचं एकदम बोलली: "तू भन्नाट ओरडलीस. मला इथं राहून कधी जमलं नसतं. जेवायला येतेस?"

झोपडी रात्रीतून तिथेच घट्ट गोठली. सुट्टीनंतर ती कापून काढायची ठरली. पण वेंडेलचं लक्ष तिकडे नव्हतं. सोमवारी, सुट्टी असूनही, येसेनिया त्याच्या खोलीत आली तेव्हा त्यानं मुकाट पेन काढलं. कबूल केलं होतं. ऊब लागली होती खरी, पण सबंध कॉलेजसमोर तमाशाही झाला होता, आणि अशा खुळ्या लोकांत कुणी का राहावं?

"पेन ठेवा, सर," येसेनिया म्हणाली. "झोपडी निघेपर्यंत तरी मी कुठे जात नाही. तुमच्यातल्या कुणाला दुखलं-खुपलं तर ओरडणार कोण?"

पुढच्या शनिवारी वेंडेल सासरच्या सौनात गेला. वरच्या फळीवर हिल्माबाई आणि त्यांच्या शेजारी येसेनिया, दोघी यूमाच्या उन्हाबद्दल बोलत. वेंडेल खालच्या फळीवर आपल्या जागी बसला.

"कसा आहेस, जावईबापू?" हिल्माबाईंनी विचारलं.

"बरं आ—"

"सर!" वरून आवाज आला.

वेंडेल थांबला. मग म्हणाला, "बरा नाही, आई. मान आखडलीय. माझं चित्र सगळ्या गावाच्या फोनवर आहे. आणि ही पोरगी गेली असती ना, तर मला फार, फार वाईट वाटलं असतं."

हिल्माबाईंनी दगडांवर पाण्याचा एक डाव मारला. मग हिल्माबाई थोड्या सरकल्या, येसेनियाला सरकवलं, आणि मधल्या जागेवर हात आपटत म्हणाल्या, "वर ये."

बावीस वर्षांत पहिल्यांदा वेंडेल वरच्या फळीवर बसला. फार वेळ नाही टिकला. थोड्याच वेळात सगळ्यांच्या आधी तोच बाहेर पळाला. पण जाताना थांबून, वाकून, त्यानं शेगडीत पुढच्यासाठी एक लाकूड घातलं. एकच.